गप्पी एकमेकांच्या मागे का लागतात? – तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात पहिल्यांदा माशांचा टँक लावणाऱ्यांसाठी लिहिलं होतं, त्यानंतर जी पत्रं नि मेसेज आले त्यातले निम्म्याहून जास्त एकाच तक्रारीचे होते. गप्पी भांडतात, गप्पी शेपट्या कुरतडतात, एका गप्पीने दुसऱ्याला मारून टाकलं. म्हणून या वेळी बाकीचे प्रश्न बाजूला ठेवलेत, ज्यांनी गोल्डफिशबद्दल विचारलंय त्यांनी थोडं थांबा. मी वीसेक वर्षं गप्पी ठेवतेय आणि मुळातच खुनशी असा गप्पी मला या सगळ्या वर्षांत एखाद-दुसराच भेटला, बाकी सगळ्यांच्या बाबतीत काहीतरी माझ्याकडूनच चुकलेलं निघालं, जागा कमी, नर जास्त, नाहीतर पाणी खराब. पुढची उत्तरं वाचताना हे लक्षात असू द्या.

डोंबिवलीहून एक ताई लिहितात: मुलाच्या वाढदिवसाला २० लिटरचा टँक घेतला. दुकानदार म्हणाला गप्पी जोडीनेच घ्यायचे असतात, म्हणून ३ जोड्या घेतल्या. दोन आठवड्यांत एक मादी मेली. आता एक मादी दिवसभर फिल्टरच्या मागे लपून बसते, तिन्ही नर तिच्याच मागे, खायला टाकलं तरी वर येत नाही. मुलगा रोज विचारतो, आई हे तिला का मारतायत? काय सांगू त्याला?

ताई, त्याला सांगा की ते तिला मारत नाहीयेत, पण दमवतायत, आणि सतत दमवलं तर मासा मरतो हे खरं आहे. त्याने विचारलंय म्हणजे त्याचं लक्ष आहे, ही चांगली गोष्ट आहे, त्यालाच कामाला लावा.

गप्पीचा नर झोप सोडली तर जवळजवळ सगळा वेळ मादीच्या मागे असतो. तुम्ही बघितलं असेल, तो तिच्या समोर येतो, अंग एस अक्षरासारखं वाकवतो आणि सगळे पर पसरून थरथरतो. हे भांडण नाही, हे तो तिला स्वतःचे रंग दाखवतोय. मादी तयार नसेल तर मग तो मागून गुपचूप येऊन पोटाखालचा तो बारीक टोकदार पर पुढे काढून तिला टोचायला बघतो. त्याच परावरून नर ओळखायचा, मादीचा तो पर पंख्यासारखा गोल असतो. आता मादी कधी तयार असते, तर पहिल्यांदा वयात आल्यावर आणि नंतर पिल्लं दिल्यावर थोडेच दिवस. बाकीचा महिनाभर ती नको म्हणून पळत असते. एका मादीवर एक नर असला तरी ती दिवसभर पळते, तुमच्याकडे तर आता २ माद्यांवर ३ नर झालेत. पळण्यात वेळ गेला की खाणं कमी होतं, आणि त्यात ती पोटुशी असणार, दुकानातली मोठी मादी बहुतेक वेळा पोटुशीच असते.

हे जोडीचं दुकानदाराने लव्हबर्डच्या हिशोबाने सांगितलं असावं. गप्पीत जोडी नसतेच. एका नराला निदान २ माद्या, ३ असतील तर उत्तम, म्हणजे त्याचं लक्ष वाटलं जातं आणि एकीलाच सगळं सोसावं लागत नाही.

तर आजच संध्याकाळी तिन्ही नर काढून एका स्वच्छ बादलीत किंवा मोठ्या बरणीत ठेवा, त्याच टँकचं पाणी भरून, वर जाळी टाकून कारण गप्पी उडी मारतो. मादीला ४-५ दिवस शांत राहू द्या, नीट खायला लागली की एकच नर परत सोडा, जो त्यातल्या त्यात गरीब वाटतो तो. उरलेले दोन दुकानात परत द्या, बरीच दुकानं घेतात, पैसे मिळाले नाहीत तरी द्या. आणि प्रमाण बसवायला म्हणून आणखी ५-६ माद्या आणू नका प्लीज, २० लिटरमध्ये ३-४ गप्पीच्या वर गर्दी होते. शिवाय मादी एकदा नराबरोबर राहिली की ते बी पोटात साठवून ठेवते आणि नंतर कित्येक महिने नर नसतानाही पिल्लं देत राहते, तेव्हा नर कमी केले तर पिल्लं होणार नाहीत अशी काळजी करू नका, ती येणारच आहेत.

लपायला जागा द्या, पण कुठे द्यायची हे कुणी सांगत नाही म्हणून जरा खोलात लिहिते. लोक तळाशी मातीचं मडकं, पूल, किल्ला असलं ठेवतात. गप्पी तळाचा मासा नाही, तो वरच्या अर्ध्या भागात राहतो, पळताना वर पळतो. त्यामुळे आडोसा वर पाहिजे. हॉर्नवर्ट ही पाणवनस्पती मोकळी तरंगत सोडा, गप्पी ग्रास नावाची वनस्पती मिळाली तर ती, जावा मॉस या शेवाळासारख्या वनस्पतीचा गोळा दोऱ्याने टँकच्या काठाला वरून बांधा. यातलं काहीच नसेल तर घरातल्या मनीप्लांटची एक फांदी घ्या, पानं बाहेर आणि मुळं पाण्यात राहतील अशी अडकवा, महिन्याभरात मुळांची छान झालर होते आणि माद्या तिच्यात जाऊन उभ्या राहतात. मला स्वतःला ही झालर सगळ्या महागड्या सजावटीपेक्षा आवडते.

आणि पाण्याचं एक बघायलाच हवं. टँक दोनच आठवड्यांचा आहे. नवीन टँकमधे माशांच्या घाणीतून अमोनिया होतो, तो पचवणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजमधे तयार व्हायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात, तोवर ६ मासे म्हणजे फार झाले. पहिली मादी नुसत्या पाठलागाने गेली असं मला वाटत नाही, दोन्ही मिळून झालं असणार. सध्या एक दिवसाआड पाव टँक पाणी बदला, नळाच्या पाण्यात क्लोरीन घालवणारे अँटीक्लोरीनचे थेंब टाकून, आणि स्पंज नळाखाली धुऊ नका, टँकमधल्याच काढलेल्या पाण्यात पिळा. मुलाला खायला घालायचं काम द्या पण चिमटीचं माप तुम्ही दाखवा, २ मिनिटांत संपेल एवढंच.

पुण्याहून एक कॉलेजचा विद्यार्थी: पिल्लांची भानगड नको म्हणून ६० लिटरमधे ६ नरच ठेवलेत. त्यातला पिवळा कोब्रा जातीचा गप्पी बाकीच्यांच्या शेपट्या तोडतो. दोघांच्या शेपट्या फाटल्यात. त्याला काढून टाकू का?

लगेच नको. आधी एक कर, मोबाइल टँकसमोर उभा करून तासभर व्हिडिओ लाव आणि खोलीतून निघून जा. आपण समोर बसलो की मासे खायला मिळेल म्हणून काचेपाशी गोळा होतात आणि तिथेच धक्काबुक्की होते, ते बघून आपण ठरवतो की हा दांडगट. व्हिडिओत बघायचं की नुसतं मागे लागणं आहे, पर पसरून शेजारी शेजारी पोहणं आहे, की खरंच तोंड लावून शेपटीचा तुकडा काढतोय. पहिल्या दोन गोष्टी नरांमधे रोजच्या असतात, त्यात कुणाचं काही जात नाही. तिसरं असेल तर मग उपाय करायचा.

तू खायला कुठे टाकतोस? बहुतेक जण एकाच कोपऱ्यात टाकतात, काही जण ती प्लास्टिकची रिंग वापरतात. मग एक दांडगा नर तो कोपरा धरून बसतो, कारण एवढीशी जागा राखणं त्याला परवडतं. हेच खाणं सगळ्या पाण्यावर पसरून टाकलं की राखायला काही उरतच नाही. गप्पी मूळचा त्रिनिदाद, व्हेनेझुएला, गयाना या भागातला, आणि त्रिनिदादच्या डोंगरातल्या ओढ्यांवर शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षं अभ्यास केलाय. तिथे खालच्या भागात गप्पी खाणारे मोठे मासे आहेत, त्या गप्पी घट्ट थवा करून राहतात आणि आपसात फारशा भांडत नाहीत. धबधब्याच्या वर, जिथे मोठे मासे चढू शकत नाहीत, तिथल्या गप्पी सुट्या सुट्या राहतात आणि खाण्यावरून जास्त भांडतात, रंगानेही त्याच जास्त भडक. आपला टँक म्हणजे त्या धबधब्याच्या वरचा डोह आहे असं समज. मोठ्या माशाची भीती नाही, खाणं रोज एकाच जागी येतं, मग ताकद कुठे खर्च करणार.

म्हणून खाणं पसर, दिवसातून एकदा भरपूर टाकण्यापेक्षा दोनदा थोडं थोडं टाक. दुसरं, टँक खोलीच्या अंधाऱ्या बाजूला असेल आणि आत दिवा असेल तर काचेत त्याला स्वतःचंच प्रतिबिंब दिसतं आणि दिवसभर तो त्या दुसऱ्या नराशी भांडत राहतो, नंतर तोच राग शेजाऱ्यावर. मागच्या आणि बाजूच्या काचेला बाहेरून साधा फिकट रंगाचा कागद चिकटवून खोलीतला दिवा चालू ठेवून बघ, टँकमधला दिवा ८ तासांच्या वर नको.

एवढं करून पण तो तोडतोच असेल तर त्याला ३-४ दिवस वेगळा काढ. टँकमधेच अडकवायची जाळीची पेटी मिळते ती नको, त्यातून तो बाकीच्यांना बघत राहतो, वेगळी बरणी बरी. तो बाहेर असताना टँकमधली झाडं, दगड सगळं इकडचं तिकडे कर. परत आला की त्याचा ओळखीचा कोपराच राहिलेला नसतो, बाकीचे आधी स्थिरावलेले असतात आणि हा पाहुणा. माझ्याकडे हा उपाय बऱ्याच वेळा चाललाय, कधी कधी नाही चालला, मग त्या नराला दुसऱ्या टँकमधे मोठ्या माद्यांसोबत ठेवलं. गप्पीच्या माद्या नरापेक्षा चांगल्याच मोठ्या असतात, एवढासा नर त्यांच्यात गेला की मवाळ होतो.

नर ३ च असतील तर हमखास एक कुणीतरी मार खातो, ८-१० असले तर मार वाटला जातो, ६० लिटर आहे आणि फिल्टर चांगला आहे म्हणून तू आणखी दोघं-तिघं घेऊ शकतोस, पण आधी हे सगळं करून बघ. फाटलेल्या शेपटीचं म्हणशील तर स्वच्छ पाण्यात ती आपोआप भरून येते, २-३ आठवडे लागतात. कडा पांढरी किंवा लाल व्हायला लागली तर मात्र ती कुजतेय, तो मासा वेगळ्या बादलीत काढून खडे मीठ घाल, ५ लिटरला एक सपाट चहाचा चमचा, आधी वाटीत विरघळवून मग हळूहळू. घरातलं आयोडीनचं बारीक मीठ नको, आणि मुख्य टँकमधे नको कारण झाडं मरतात.

कोल्हापूरहून एक काका: माझ्या ७५ लिटरच्या टँकमध्ये ८ गप्पी, ४ टायगर बार्ब आणि १ फायटर आहे. गप्पी एकमेकांच्या शेपट्या खातात.

काका, गप्पी नाही खात, टायगर बार्ब खातात. चार बार्ब म्हणजे त्यांचा स्वतःचा थवा पण पुरा होत नाही, मग ते बाजूच्या लांब शेपटीवर जातात, आणि गप्पीची शेपटी तर पाण्यात झेंड्यासारखी हलते. फायटरला पण ती रंगीत शेपटी बघून वाटतं की हा दुसरा फायटर. एंजल, विडो टेट्रा यांनाही गप्पीसोबत ठेवू नका, एंजल मोठा झाला की गप्पी सरळ गिळतो. बार्ब वेगळे करा, फायटरला वेगळा छोटा टँक द्या, तो एकटाच छान राहतो. गप्पीसोबत तळाशी राहणारे कोरी मासे ठेवा, प्लॅटी चालतील पण त्यांचे नर पण गप्पीच्या माद्यांमागे लागतात हे लक्षात ठेवा.

नाशिकहून सातवीतली एक मुलगी: माझ्या गप्पीने १५ पिल्लं दिली आणि तिनेच ती खाल्ली. मी शाळेतून आले तेव्हा ३ राहिली होती. ती वाईट आई आहे का? आणि तिला गप्पी का म्हणतात?

बाळा, तू रडली असशील, पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा मी पण रडले होते. ती वाईट आई नाहीये, कारण गप्पीला आपलं पिल्लू असं काही कळतच नाही. मांजर पिल्लाला चाटते, चिमणी चारा आणते, गप्पीचं तसं नाही. पोटातून पिल्लू बाहेर पडलं की ते त्या क्षणापासून स्वतःचं स्वतः पोहायला, खायला लागतं, आणि आईला समोर काहीतरी छोटं हलणारं दिसतं, डासाच्या अळीसारखं, ती ते खाते. राग नाही त्यात.

पुढच्या वेळी वाचवायची असतील तर साधारण ४ आठवड्यांनी तयार राहा. तिच्या पोटाच्या मागच्या बाजूला काळा डाग असतो, तो गडद होतो आणि पोट गोल न राहता चौकोनी दिसायला लागतं, मग एक-दोन दिवसांत पिल्लं येतात. त्या वेळी ती एकटी कोपऱ्यात राहते आणि कुणी जवळ आलं तर अंगावर जाते, ते पण चालू दे, तिला जागा हवी असते. पाण्यात वरती जावा मॉस भरपूर टाक, पिल्लं त्यात शिरतात. ती बारीक पेटी मिळते आईला ठेवायला, तिच्यात फार दिवस ठेवू नकोस, आई घाबरते. आणि तिला आधी पोटभर खायला घाल, भुकेली असली तर जास्त खाते. जी ३ राहिलीत ती बरणीत काढ, माशांच्या खाण्याचे फ्लेक म्हणजे पापुद्रे बोटांनी चुरून अगदी पावडर करून दिवसातून ३-४ वेळा चिमटीभर दे, रोज थोडं पाणी बदल. महिना-दीड महिन्यात कळेल की मुलगा की मुलगी. मला लिही काय झालं ते.

नावाचं म्हणशील तर रॉबर्ट जॉन लेचमियर गप्पी नावाचे एक गृहस्थ त्रिनिदादला होते, त्यांनी १८६६ साली हे मासे लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला पाठवले, म्हणून त्यांचं आडनाव या माशाला चिकटलं. त्याच्या आधी १८५९ मधेच एका जर्मन शास्त्रज्ञाने या माशाचं वर्णन केलेलं होतं, त्याचं नाव मात्र माशाला नाही लागलं.

नागपूरहून एक दादा: मे महिन्यात दोन नवीन माद्या आणल्या, जुन्या ४ माद्या आणि २ नर होते. नवीन दोघींना सगळेच छळतात, जुनी एक मोठी मादी तर खाऊ देत नाही. आधी सगळं शांत होतं.

दादा, इथे तीन गोष्टी एकत्र झाल्यात.

नराला नवीन मादी जास्त आकर्षक वाटते, हे गप्पीत पक्कं आहे, त्यामुळे पहिले काही दिवस दोन्ही नर जुन्या चौघींना सोडून त्यांच्याच मागे. माद्यांचं वेगळं, त्या आपल्या ओळखीच्या माद्यांबरोबर राहणं पसंत करतात आणि ही ओळख व्हायला जवळपास १२ दिवस लागतात. म्हणजे पंधरा दिवस कळ काढली तर बरंचसं आपोआप निवळतं, तोवर त्यांना मरू द्यायचं नाही एवढंच बघायचं. दोन्ही नर एक आठवडा बाहेर काढा, खाणं दोन टोकांना एकाच वेळी टाका म्हणजे ती मोठी एका टोकाला असताना या दुसऱ्या टोकाला खातील.

तिसरी गोष्ट नागपूरचा मे. गप्पीला २२ ते २८ अंश पाणी मानवतं, तुमच्याकडे बाहेर ४५ असताना टँकचं पाणी ३२-३३ ला सहज जातं. गरम पाण्यात हवा कमी विरघळते आणि माशाला मात्र जास्त लागते, सगळे चिडचिडे होतात, वर येऊन तोंड उघडझाप करतात, त्यात पाठलाग म्हणजे जिवावर बेततं. टँकचं झाकण काढून वर जाळी टाका, पाण्याच्या पृष्ठभागावरून छोटा टेबल फॅन फिरवा, पाणी उडून जातं तेवढं रोज घालत राहा, बर्फ थेट टाकू नका. एअर पंप रात्री पण चालू. दुपारी लाइट जात असेल तर मगने पाणी वर उचलून परत ओता, घरात कुणी असेल त्याला सांगून ठेवा.

पुढच्या वेळी नवीन मासे आधी २ आठवडे वेगळे ठेवायचे, रोग असेल तर तिथेच कळतो, आणि सोडायचे ते संध्याकाळी, आधीच्यांना खायला घालून, दिवा बंद करून. एकटा मासा कधी सोडू नका, दोघं-तिघं सोबत.

एक सगळ्यांसाठीच, कारण हे कुणी विचारत नाही पण पत्रांत सारखं दिसतं. "सगळे मिळून एकाला टोचतायत" असं असेल तर ज्याला टोचतायत त्याच्याकडे नीट बघा. पर मिटलेले आहेत का, पाठ वाकलीय का, पोट आत गेलंय का, अंगावर पांढरे ठिपके आहेत का, मागे पांढरी दोऱ्यासारखी विष्ठा आहे का. आजारी, मरायला टेकलेल्या माशाला बाकीचे टोचतात आणि मेला की खातात, मग सकाळी अर्धा मासा बघून आपण म्हणतो खून झाला. माझ्याकडे एकदा अशा तीन माद्या गेल्या, मी एका नराला दोषी धरून बाहेर काढला, चौथीला पण तेच झालं तेव्हा पांढरे ठिपके दिसले. आधी बघितलं असतं तर निदान दोघी वाचल्या असत्या, अजून वाईट वाटतं.

साताऱ्याजवळच्या गावातून: एक नर फार त्रास देतो, पिल्लंही खूप झालीत. गावच्या ओढ्यात सोडले तर? नाहीतरी नगरपालिका डासांसाठी गप्पी सोडतेच.

नका सोडू, कळकळीने सांगते. डासांच्या अळ्यांसाठी गप्पी सोडतात हे खरं आहे, पण वाहत्या ओढ्यात गेलेला गप्पी परत काढता येत नाही, तो दर महिन्याला पिल्लं देतो, आपल्या ओढ्यातल्या छोट्या माशांची अंडी-पिल्लं खातो, त्यांचं खाणं खातो. तो इथला नाहीच. आणि तुमच्या टँकमधला काही रोग असेल तर तो पण पाण्याबरोबर गेला. त्रास देणाऱ्या नराला घरातल्या सिमेंटच्या बंद टाकीत एकटा ठेवा, अळ्या खाईल, मजेत राहील, फक्त टाकीचं जादा पाणी वाहून ओढ्याकडे जात नाही ना हे बघा आणि पाईपच्या तोंडाला बारीक जाळी बांधा. पिल्लं शाळेतल्या मुलांना द्या, पण देताना नर नि माद्या मोजून द्या.